काउन्सिलकडून मिळालेली माहिती पुन्हा वापरायची असेल, तर परवानगी कशी मागावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने आपल्या भागातील उद्याने, बाके आणि जुनी झाडे यांवर एक छोटी पुस्तिका आणि एक ॲप तयार करायचे ठरवले आहे. पुस्तिका विकायची आहे, किंमत अल्प असेल. स्थानिक काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, अर्ज करून त्यांनी झाडांची आणि बाकांची एक्सेल यादी, एका सल्लागार कंपनीने केलेला वृक्षसर्वेक्षण अहवाल, उद्यानातील बँडस्टँडच्या (वादकांसाठीच्या छत असलेल्या चौथऱ्याच्या) दुरुस्तीचे आराखडे आणि काउन्सिलच्या अभिलेखागारातील सहा जुनी छायाचित्रे मिळवली. सोबतच्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती: ही माहिती आपल्या वैयक्तिक वापरासाठी असून अन्य कोणत्याही वापरासाठी परवानगी घ्यावी. आता परवानगी कोणाकडे आणि कशी मागायची, पैसे पडतील का, आणि नकार आला तर काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी एका इंग्लिश काउन्सिलच्या माहिती विभागात बरीच वर्षे अशीच पत्रे पाठवण्याचे काम केले आहे. ती तळाची ओळ मीही असंख्य पत्रांखाली चिकटवली आणि पुष्कळदा सोबत जोडलेला कागद मुळात कोणाचा आहे हे न पाहताच चिकटवली. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: ती ओळ म्हणजे नकार नव्हे. माहिती हाती येणे आणि ती छापण्याची, विकण्याची किंवा ॲपमध्ये घालण्याची मुभा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच ती सांगते. माहिती मिळण्याचा हक्क माहिती स्वातंत्र्य कायदा २००० आणि पर्यावरणविषयक माहितीचे २००४ चे नियम यांतून येतो. झाडांची यादी बहुतेक वेळा या दुसऱ्या नियमांखाली दिली जाते. वापराची परवानगी मात्र वेगळ्याच नियमांखाली मागावी लागते. सार्वजनिक क्षेत्रातील माहितीच्या पुनर्वापराचे हे नियम २०१५ चे असून ते १८ जुलै २०१५ पासून लागू आहेत.

त्याआधीचे २००५ चे नियम अगदीच मवाळ होते, कारण परवानगी द्यायची की नाही हे तेव्हा काउन्सिलच्या मर्जीवर असे. २०१५ पासून परिस्थिती उलटली. कागदाचा हक्क काउन्सिलचा असेल, तो तिच्या सार्वजनिक कामाचा भाग म्हणून तयार झाला असेल आणि तो लोकांना देण्यास कायद्याची आडकाठी नसेल, तर पुनर्वापराला परवानगी देणे तिला बंधनकारक आहे. व्यावसायिक हेतू हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. पुस्तिका विकायची आहे हे लपवण्याचे म्हणूनच काहीच कारण नाही. लपवल्यास मिळालेली परवानगीच कुचकामी ठरेल. शिवाय माहितीच्या अर्जात ‘कशासाठी हवी’ हे सांगावे लागत नाही, पण पुनर्वापराच्या अर्जात हेतू सांगणे ही कायद्याचीच अट आहे. पहिल्या अर्जाच्या सवयीने दुसरा अर्ज लिहिणारे नेमके इथेच अडकतात.

मात्र ही सगळी बळकटी ‘कागदाचा हक्क काउन्सिलचा असेल तर’ या एका शर्तीवर उभी आहे. माझा अनुभव असा की, अर्ज रेंगाळतात किंवा फेटाळले जातात ते सहसा काउन्सिलची इच्छा नसल्यामुळे नव्हे; पाच-सहा वेगवेगळ्या मालकांचे कागद एकाच अर्जात कोंबलेले असतात आणि टेबलामागच्या माणसाला त्यातले कोणते आपले हे ठाऊक नसते, म्हणून. अशा वेळी तो सर्वात सुरक्षित उत्तर देतो, आणि ते ‘नाही’ हे असते. अर्ज लिहिण्याआधी आपल्याकडचे कागद मालकानुसार वेगळे करणे हे काम आपण स्वतः केलेत, तर निम्मी लढाई तिथेच संपते. आपल्या उदाहरणातच ते करून पाहू.

झाडांची आणि बाकांची यादी काउन्सिलच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून तयार केली असेल, तर १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचा हक्क नोकरी देणारी संस्था म्हणून काउन्सिलकडे जातो. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. सरकारी खात्यांच्या लेखनावर क्राउन कॉपीराइट, म्हणजे राजसत्तेच्या नावाने असलेला कॉपीराइट, असतो आणि तो बहुतांशी ओपन गव्हर्नमेंट लायसन्सखाली (श्रेय देऊन कोणालाही मोफत वापर करू देणाऱ्या ठरावीक सरकारी परवान्याखाली) आपोआप खुला असतो; काउन्सिल मात्र क्राउनचा भाग नाही. तिचा कॉपीराइट तिचा स्वतःचा असतो, आणि तिने स्वतः ते लायसन्स लावल्याशिवाय ते लागू होत नाही. बऱ्याच काउन्सिलनी आपल्या खुल्या माहितीच्या पानावर ते लावलेले असते, म्हणून अर्ज करण्याआधी तीच यादी तिथे आधीच प्रसिद्ध झालेली आहे का हे पाहावे. असेल, तर अर्जाची गरजच उरत नाही.

यादी काउन्सिलची असली तरी तिच्यातल्या दोन स्तंभांकडे बारकाईने पाहावे लागेल. पहिला स्तंभ ठिकाणाचा. झाडाचे स्थान कर्मचाऱ्याने जागेवर उभे राहून जीपीएस यंत्राने टिपले असेल, तर ते आकडे काउन्सिलचे. पण कार्यालयात बसून ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशा-संस्थेच्या) तपशीलवार नकाशावर टिंब टेकवून काढले असतील, तर त्यात ऑर्डनन्स सर्व्हेचाही हक्क येऊ शकतो. त्यामुळे अर्जात सरळ विचारावे की, हे निर्देशांक, म्हणजे स्थानाचे आकडे, कोणत्या पद्धतीने घेतले आणि ऑर्डनन्स सर्व्हेच्या दृष्टीने ते खुले करण्यास हरकत आहे का. हा प्रश्न विचारणारा अर्जदार मला क्वचितच भेटला, पण ज्याने विचारला त्याचे काम लवकर झाले, कारण मला ज्या सहकाऱ्याकडे जायचे होते त्याचे दार त्याने आधीच दाखवलेले असे. पत्ते आणि पोस्टकोड यांचेही असेच आहे: सविस्तर पत्त्यांची फाइल रॉयल मेल या टपाल कंपनीची आहे आणि तिला वेगळा परवाना लागतो. नुसते पोस्टकोड हवे असतील, तर ऑर्डनन्स सर्व्हेची २०१० पासून खुली असलेली पोस्टकोड-सूची घेऊन काउन्सिलच्या यादीतला तो स्तंभ गाळून टाकावा.

दुसरा स्तंभ बाकांवरच्या पाट्यांचा. उद्यानातील स्मृतिबाकांच्या यादीत बहुधा तीन नोंदी असतात: पाटीवरचा मजकूर, ज्याच्या स्मरणार्थ बाक आहे त्याचे नाव, आणि पैसे भरणाऱ्या कुटुंबीयाचे नाव व फोन नंबर. मृत व्यक्तीला माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही; पैसे भरणारा मात्र हयात असतो. ही शेवटची नोंद आपल्या हाती चुकून आली असेल, तर ती छापू तर नयेच, पण काउन्सिलला तसे लगेच कळवावे. ओपन गव्हर्नमेंट लायसन्स वैयक्तिक माहितीला लागू होत नाही, त्यामुळे लायसन्स मिळाले म्हणून ती नोंद वापरता येईल असे नाही.

वृक्षसर्वेक्षणाचा अहवाल हा सगळ्यात फसवा कागद. काउन्सिलने पैसे मोजले म्हणजे हक्क काउन्सिलचा, असे बहुतेकांना वाटते आणि, खरे सांगायचे तर, काउन्सिलमधल्याही बहुतेकांना तसेच वाटते. कायदा तसे म्हणत नाही. नोकराने केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. बाहेरच्या सल्लागाराने केलेल्या कामाचा हक्क, करारात लेखी हस्तांतर नसेल तर, सल्लागाराकडेच राहतो. काउन्सिलकडे वापरण्याची मुभा असते, पण ती मुभा ती आपल्याला देऊ शकेलच असे नाही. अर्जात विचारण्याचा प्रश्न असा: या अहवालाचा कॉपीराइट करारानुसार काउन्सिलकडे हस्तांतरित झाला आहे काय? उत्तर ‘नाही’ आले, तर काउन्सिलने पुनर्वापर नाकारताना हक्कदाराचे नाव, किंवा तो कागद तिला कोणाकडून मिळाला हे, माहीत असल्यास सांगायला हवे. मग आपण थेट त्या कंपनीला लिहू शकता. कंपन्या बऱ्याचदा उल्लेखाच्या मोबदल्यात आनंदाने हो म्हणतात, कारण अहवालाचे पैसे त्यांना केव्हाच मिळालेले असतात.

बँडस्टँडचे आराखडे वास्तुविशारदाचे असतात. नियोजनाच्या अर्जासोबत आलेले नकाशे काउन्सिल वेबसाइटवर ठेवते ते लोकांना अर्ज पाहता यावा, हरकत घेता यावी म्हणून. त्या मर्यादित कामापुरतीच कायद्याची सवलत आहे. माहितीच्या अर्जाला उत्तर म्हणून काउन्सिलने दुसऱ्याचा कागद आपल्याला दिला, तरी कायद्याने घातलेले बंधन पाळल्यामुळे तिच्यावर हक्कभंगाचा ठपका येत नाही. ते कवच काउन्सिलचे आहे, आपले नाही. तोच आराखडा पुस्तिकेत छापला की जबाबदारी आपली. माझा सल्ला असा की, आराखडा छापूच नये: बँडस्टँडसमोर उभे राहून एक फोटो काढावा, तो पुस्तिकेत अधिक शोभेलही.

छायाचित्रांचा मामला वेगळा आहे, कारण ग्रंथालये, संग्रहालये आणि अभिलेखागारे यांना २०१५ च्या नियमांत स्वतंत्र वागणूक आहे. पुनर्वापराला परवानगी द्यायची की नाही याबाबत त्यांना अधिक मोकळीक आहे. एकदा परवानगी दिली की मग नियम लागतात. शिवाय ती खर्चावर वाजवी परतावा धरून शुल्क आकारू शकतात आणि नकार देताना हक्कदाराचे नाव कळवण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही. त्यातच अभिलेखागारातल्या छायाचित्राच्या मागे शिक्का काउन्सिलचा असला, तरी ते एखाद्या स्थानिक स्टुडिओने काढून नंतर दान केलेले असू शकते. म्हणजे कागद काउन्सिलच्या मालकीचा, पण कॉपीराइट छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा, आणि तोही सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे. म्हणून प्रत्येक छायाचित्रासाठी दान-नोंदवहीत काय लिहिले आहे हे अभिलेखपालाला विचारावे. ही माणसे आपापल्या संग्रहावर जीव टाकणारी असतात, आणि नेमका संदर्भ-क्रमांक देऊन विचारलेल्या प्रश्नाला ती मन लावून उत्तर देतात. कसून शोध घेऊनही हक्कदार सापडला नाही, तर बौद्धिक संपदा कार्यालयाची २०१४ पासून सुरू असलेली अनाथ कृतींची परवाना योजना आहे. तिचा परवाना फक्त युनायटेड किंगडमपुरता आणि जास्तीत जास्त सात वर्षांचा मिळतो. ॲप जगभर डाउनलोड होणार असेल, तर ही मर्यादा आधीच लक्षात घ्यावी.

इतके वेगळे केल्यावर काउन्सिलकडे मागायचे फारसे उरत नाही, आणि हेच अपेक्षित आहे. काही गोष्टींना तर परवानगीच लागत नाही. ‘या उद्यानात अमुक कोपऱ्यात ओक आहे’ या वस्तुस्थितीवर कोणाचाही कॉपीराइट नाही. फक्त संपूर्ण यादी किंवा तिचा मोठा भाग जसाच्या तसा उचलला, तर १९९७ च्या नियमांतला डेटाबेसचा हक्क आड येतो. दहा-बारा झाडांविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि हजारो नोंदी ॲपमध्ये ओतणे यांत म्हणूनच कायद्याने फरक आहे. आपल्या पुस्तिकेपेक्षा आपल्या ॲपला परवानगीची गरज जास्त आहे, ती यामुळे.

एक तपासणी आणखी: काउन्सिल म्हणजे नेमकी कोणती? जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या आहेत, तिथे उद्यानातले झाड डिस्ट्रिक्टचे, रस्त्याकडेचे झाड काउंटीचे, जुनी कागदपत्रे काउंटीच्या अभिलेखागारात, आणि गावातले बाक कदाचित पॅरिश काउन्सिलचे, म्हणजे गावपातळीवरच्या सर्वात छोट्या काउन्सिलचे, असे वाटप असू शकते. पॅरिश काउन्सिलनाही हे नियम लागू आहेत, जरी तिथल्या अर्धवेळ कारकुनाला ते ठाऊक असतीलच असे नाही.

आता अर्ज. तो लेखी हवा, ईमेल चालतो. त्यात आपले नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हवा, कागद कोणता हे स्पष्ट हवे आणि वापराचा हेतू हवा. वेगळा फॉर्म भरा असे सांगितले गेले, तर भरावा, पण तारीख ईमेलचीच धरली जाईल हे लिहून ठेवावे. अर्ज अर्थातच इंग्रजीत जाईल, त्याचा मजकूर साधारण असा असावा:

‘सार्वजनिक क्षेत्रातील माहितीच्या पुनर्वापराच्या २०१५ च्या नियमांखाली मी हा अर्ज करीत आहे. आपल्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या पत्रासोबत मिळालेली वृक्षांची यादी, दात्यांची नावे व संपर्काचा तपशील वगळून बाकांची यादी, आणि या दोन्हींतील स्थानाचे निर्देशांक, हे मला एका विक्रीसाठी असलेल्या मुद्रित पुस्तिकेत आणि एका मोफत ॲपमध्ये प्रसिद्ध करावयाचे आहेत. ही माहिती ओपन गव्हर्नमेंट लायसन्सच्या ३.० आवृत्तीखाली द्यावी, अशी विनंती आहे. ते शक्य नसल्यास कोणत्या अटी घालणार आणि का, हे कळवावे. निर्देशांक कोणत्या पद्धतीने घेतले तेही कळवावे. यापैकी एखाद्या भागावर अन्य कोणाचा हक्क असल्यास तेवढा भाग वेगळा करून उरलेल्या भागास परवानगी द्यावी व हक्कदाराचे नाव कळवावे. यादी सीएसव्ही स्वरूपात उपलब्ध असल्यास तशी मिळावी.’

यात एकच शब्द फार मोलाचा आहे: ‘वेगळा करून’. तो नसेल, तर यादीतल्या एका स्तंभापायी संपूर्ण अर्ज फेटाळला जाऊ शकतो. लायसन्सचे नाव आणि आवृत्ती स्वतःहून लिहिण्याचाही फायदा होतो, कारण काउन्सिलच्या वकिलाला नवे कलम रचत बसावे लागत नाही. काउन्सिलचे बोधचिन्ह मात्र मागू नये. ते या नियमांच्या बाहेर आहे आणि ते छापले की पुस्तिका काउन्सिलची अधिकृत असल्याचा भास होतो, जो लायसन्सलाच चालत नाही.

उत्तराची मुदत वीस कामकाजाच्या दिवसांची आहे आणि ती अर्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. कागद फार मोठे किंवा प्रश्न गुंतागुंतीचे असतील, तर मुदत वाढवता येते, पण तसे त्या वीस दिवसांच्या आत कळवावे लागते. मुदत उलटली आणि काहीच आले नाही, तर त्याचा अर्थ मूक संमती असा कृपया काढू नये. छापखान्याची तारीख ठरवून मग अर्ज करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना उत्तराची वाट पाहवत नाही, आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. अजून माहितीच हाती आली नसेल, तर दोन्ही अर्ज एकाच पत्रात, पण स्वतंत्र मथळ्यांखाली करावेत.

शुल्काबद्दल: काउन्सिलच्या नेहमीच्या विभागांना फक्त प्रत काढणे, पुरवणे आणि प्रसृत करणे याचा किरकोळ वाढीव खर्च घेता येतो. आधीच तयार असलेली एक्सेल फाइल ईमेलने पाठवायला तो व्यवहारात शून्य असतो. तरीही आकडा आला, तर तो कसा काढला याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे. हिशेब मागितल्यावर आकडा मागे घेतला गेल्याचे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. अभिलेखागाराचे दरपत्रक मात्र वेगळे असते, आणि व्यावसायिक प्रकाशनासाठी ते प्रतिचित्र शुल्क घेऊ शकते. तिथे घासाघीस करण्यापेक्षा छोट्या आवृत्तीसाठी, स्थानिक इतिहासाच्या कामासाठी सवलत आहे का, हे नम्रपणे विचारलेले बरे. आणखी एक मुद्दा: तशाच वापरासाठी दुसऱ्या कोणाला तीच यादी मोफत दिली असेल, तर आपल्याला वेगळ्या अटी घालता येत नाहीत. एखाद्यालाच मक्तेदारी देणेही, ठरावीक अपवाद वगळता, या नियमांना मान्य नाही.

नकार आला, तर तो लेखी आणि कारणासह हवा. आधी काउन्सिलच्याच अंतर्गत तक्रार-प्रक्रियेत जावे लागते. ती टाळून वर गेल्यास प्रकरण परत पाठवले जाते. त्यानंतर माहितीच्या हक्कांवर देखरेख करणारे इन्फर्मेशन कमिशनर, आणि त्यांच्या निर्णयावर अपील ऐकणारे फर्स्ट टियर ट्रायब्युनल हे न्यायाधिकरण. इतके लांब जाण्याची वेळ फारशी येत नाही. पहिल्या तक्रारीत ‘व्यावसायिक वापर म्हणून नाकारले आहे, नियमांत हे कारण बसत नाही’ एवढे एक वाक्य लिहिले, तरी ते पत्र खालच्या टेबलावरून कायदा विभागाकडे जाते आणि तिथे नियम उघडले जातात. मात्र नकार सल्लागाराच्या अहवालाबद्दल असेल, तर तक्रारीत वेळ घालवू नये, कारण तिथे काउन्सिलचे म्हणणे बरोबर असण्याचीच शक्यता जास्त.

परवानगी आली की तिचे ईमेल, जोडलेली फाइल आणि त्या दिवसाची लायसन्सची प्रत एकत्र एका फोल्डरमध्ये ठेवावी. यादी पुढे बदलते, अधिकारी बदलतात, आणि तीन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना ‘परवानगी कोणी दिली होती?’ या प्रश्नाला फक्त तो फोल्डरच उत्तर देतो. पुस्तिकेच्या श्रेयपानावर आणि ॲपच्या माहितीच्या पडद्यावर काउन्सिलने सांगितलेले श्रेयवाक्य जसेच्या तसे छापावे. काउन्सिलने ते दिलेले नसेल, तर लायसन्समध्येच एक तयार वाक्य आहे, ज्यात या प्रकाशनात त्या लायसन्सच्या ३.० आवृत्तीखालील सार्वजनिक क्षेत्रातील माहिती समाविष्ट असल्याचे नमूद असते. त्याखाली यादी कोणत्या तारखेची आहे तेही लिहावे, म्हणजे वादळात पडलेला ओक शोधत आलेला वाचक आपल्याला दोष देणार नाही.